शेफलरने सीझनभर धुतलं, मग फेडेक्स कप फ्लीटवुडला कसा?

मंदार_मुलुंड

नमस्कार मंडळी, क्रिकेट आणि फुटबॉलच्या गर्दीत गोल्फचा धागा काढतोय, कोणीतरी जाणकार असेलच इथे. मी २०२५ चा सीझन पहिल्यांदा नीट फॉलो केला. एप्रिलमध्ये रोरी मॅकिलरॉयने मास्टर्स जिंकली तिथून चटक लागली, मग काय, रविवारी रात्री झोपायचं लवकर, पहाटे अडीचला उठायचं, शेवटचे सहा-सात होल बघायचे आणि तसंच आंघोळ करून लोकल पकडायची. घरचे वैतागले पण बघणं काही सुटलं नाही.

आता सीझन संपलाय आणि एक गोष्ट काही केल्या पटत नाहीये. स्कॉटी शेफलरने ऑगस्टपर्यंत पाच स्पर्धा जिंकल्या, त्यात दोन मेजर (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा), पीजीए चॅम्पियनशिप पाच शॉटनी आणि ओपन चार शॉटनी. वर्ल्ड नंबर वन तोच, पॉइंट्समध्ये वर तोच. आणि सीझनचा चॅम्पियन म्हणून फेडेक्स कप उचलला टॉमी फ्लीटवुडने, ज्याने त्याआधी पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या ह्या मुख्य मालिकेत, एकही स्पर्धा जिंकली नव्हती! फ्लीटवुडवर माझा राग अजिबात नाही, माणूस म्हणून तो मला फार आवडतो, पण मग जानेवारीपासून एवढे खेळतात कशाला? आयपीएलमध्येही टेबल टॉपर फायनल हरतो, पण त्याला क्वालिफायर हरला तरी अजून एक चान्स असतो ना. शेफलरला काय मिळालं?

आणि जमलं तर हे कट, सिग्नेचर इव्हेंट, प्लेऑफ वगैरे एकदा साध्या भाषेत सांगा. कॉमेंटेटर सगळ्यांना सगळं माहीतच आहे असं धरून बोलतात.

---

गिरगावकर_जुना

मंदार, चांगला धागा काढलास. जरा सविस्तर लिहितो, घाई असेल तर नंतर वाच.

आधी साधा हिशोब. नेहमीची स्पर्धा गुरुवार ते रविवार, रोज १८ होल, एकूण ७२, सगळ्यात कमी शॉट लागले तो जिंकला. दोन दिवस झाले की कट, म्हणजे पहिले ६५ आणि ६५ व्या नंबरावर बरोबरीत असलेले पुढे जातात, बाकीचे शुक्रवारी संध्याकाळी घरी आणि हातात एक डॉलर नाही. मेजरचे आकडे वेगळे, मास्टर्सला ५०, यूएस ओपनला ६०, ओपन आणि पीजीएला ७०. जिंकणाऱ्याला साधारणपणे एकूण बक्षिसाच्या १८ टक्के मिळतात. सिग्नेचर इव्हेंट म्हणजे वर्षातल्या आठ श्रीमंत स्पर्धा, प्रत्येकी २ कोटी डॉलरच्या, खेळाडू मोजके, आणि त्यातल्या बऱ्याचशांना कटच नसतो.

पॉइंट्सचं म्हणशील तर साधी स्पर्धा जिंकली की ५००, सिग्नेचरला ७००, मेजर किंवा प्लेयर्स नावाच्या स्पर्धेला ७५०. ऑगस्टच्या सुरुवातीला पहिले ७० प्लेऑफला, म्हणजे सीझनअखेरच्या तीन स्पर्धांना जातात, त्यातली पहिली मेम्फिसला. तिथून ५० उरतात ते बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिपला, तिथून ३० अटलांटाच्या ईस्ट लेकला, टूर चॅम्पियनशिपसाठी. त्या पहिल्या दोन आठवड्यांत जिंकणाऱ्याला २००० पॉइंट्स, म्हणजे तिथेच निम्मी उलथापालथ होते. आणि ईस्ट लेकला २०२५ पासून सगळ्यांची पाटी कोरी. तिसावा आणि पहिला दोघेही शून्यावरून सुरू, जो ७२ होलनंतर वर तो चॅम्पियन. फ्लीटवुड १८ अंडर खेळला, म्हणजे पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या शॉटपेक्षा) १८ कमी, तीन शॉटनी जिंकला, कँटले आणि हेन्ली मागे राहिले, शेफलर बरोबरीत चौथा. कप त्याचा. त्यात कुठे वशिला नाही की गणित नाही.

तू म्हणतोस अन्याय. पण हा कप २००७ पासून आहे आणि त्यांनी हा 'न्याय' करायचा प्रत्येक मार्ग करून बघितलाय. २००८ मध्ये विजय सिंगचे पॉइंट्स इतके झाले की शेवटच्या स्पर्धेत त्याने नुसते चार दिवस खेळून पूर्ण केले तरी कप त्याचा होता, म्हणजे फायनल बघायला कोणी यावंच का? मग फॉर्म्युला बदलला. २०१८ ला टायगर वूड्सने टूर चॅम्पियनशिप जिंकली, आख्खी गर्दी त्याच्या मागे फेअरवेवर धावत आली, आणि फेडेक्स कप मिळाला जस्टिन रोझला! एकाच हिरवळीवर दोन चॅम्पियन, लोकांना कळेचना टाळ्या कोणासाठी वाजवायच्या. मग २०१९ पासून नवीन टूम, पॉइंट्समध्ये पहिला असलेला १० अंडरवरून सुरू करणार, दुसरा ८ अंडरवरून, असं खालपर्यंत. २०२४ ला शेफलर तसाच जिंकला, पण बोर्डावरची ती उधारी काढून टाक आणि नुसते मारलेले शॉट मोज, तर त्या चार दिवसांत कॉलिन मोरिकावा त्याच्यापेक्षा दोन शॉटनी चांगला खेळला होता. आणि २०२२ ला हाच शेफलर १० अंडरवरून सुरू करून, शेवटच्या दिवशी सहा शॉट पुढे असताना रोरीकडून एका शॉटने हरला. म्हणजे दहा शॉटची सूट देऊनही पहिला नंबर सुरक्षित राहिला नाहीच.

माझं मत स्पष्ट आहे, शून्यावरून सुरुवात हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. गोल्फमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत, सगळे एकाच वेळी कोर्सशी खेळतात, त्यामुळे लीगसारखं टेबल इथे बसतच नाही. फेडेक्स कप हे वर्षाचं प्रमाणपत्र समजू नकोस, ती ऑगस्टची एक मोठी स्पर्धा आहे एवढंच.

शेफलरला काय मिळालं म्हणतोस तर ऐक. रेग्युलर सीझनच्या शेवटी पहिला म्हणून १ कोटी डॉलर बोनस, बीएमडब्ल्यूनंतरही पहिला म्हणून अजून ५० लाख. फ्लीटवुडला ईस्ट लेकचे १ कोटी. म्हणजे सीझनभराच्या कष्टाचे पैसे शेफलरला मिळाले, आणि फ्लीटवुडपेक्षा जास्तच मिळाले.

---

पहाटे_पाच_दादर

गिरगावकर काका, माहितीसाठी आभार, कँटलेचं नाव मी विसरलोच होतो. पण मला कप आणि बोनस ह्यात रसच नाही. सीझन रोरीचा, विषय संपला.

मी मास्टर्सचा रविवार पूर्ण बघितला, झोपलोच नाही. पहिल्याच होलवर डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन शॉट जास्त, दोन शॉटची आघाडी तिथेच गेली. मग परत सावरला, चांगला चार शॉट पुढे गेला, आणि तेराव्या होलवर, पार पाचचा होल, ह्याने सेफ खेळायचं म्हणून दुसरा शॉट मुद्दाम अलीकडे ठेवला, आता फक्त वेजचा छोटा शॉट उरला होता, समोर भलं मोठं ग्रीन (होलभोवतीची बारीक हिरवळ), डावीकडे जागाच जागा. आणि बॉल गेला कुठे तर उजवीकडे रेज क्रीकच्या ओढ्यात. तिथे जो चेहरा झाला होता त्याचा! मी टीव्हीसमोर उभाच राहिलो. पुढे जस्टिन रोझ ६६ मारून क्लब हाऊसमध्ये बसलेला, रोरीला अठराव्यावर पाच फुटांचा पट (ग्रीनवरून होलात ढकलायचा शॉट) हवा होता आणि तोही चुकला. मग प्लेऑफ, इथे म्हणजे बरोबरी सोडवायला जादा होल, तोच अठरावा, ह्या वेळी बॉल पिनच्या तीन-चार फुटांवर आणून ठेवला आणि बर्डी, पारपेक्षा एक कमी. गुडघ्यावर पडून रडला तो. २०१४ पासून एकही मेजर नाही, अकरा वर्षं दरवर्षी एप्रिल आला की तोच प्रश्न. सॅराझेन, होगन, प्लेयर, निकलॉस, टायगर आणि आता हा, चारही मेजर जिंकणारे आख्ख्या इतिहासात सहा जण, युरोपातला हा पहिला.

शेफलरने ओपन पोर्टरशला चार शॉटनी जिंकली, मान्य, पण रविवारी त्यात धाकधूक अशी नव्हतीच. कुठला रविवार लोकांच्या लक्षात राहील ते तुम्हीच सांगा.

---

मंदार_मुलुंड

काका, २०१८ चं टायगर आणि रोझचं मला माहीतच नव्हतं, आता डोक्यात प्रकाश पडला. आणि बोनसचं तर कुठेच वाचलं नव्हतं.

दादरवाल्यांना, मास्टर्स ऐतिहासिक होतीच. पण रोरीने जूनमध्ये ओकमाँटला यूएस ओपनमध्ये काय खेळ केला ते पण बघितलंय मी, आणि मेम्फिसला तर तो खेळलाच नाही, प्लेऑफ असून. वर्षाचा खेळाडू म्हणजे वर्षभराचा हवा ना?

---

चेंबूर_नाका

सगळे जण वरच्या तीन नावांवरच भांडताय म्हणून लिहितोय. मला विचाराल तर सीझन नंबर एकला नसतोच, तो असतो सत्तराव्या, पन्नासाव्या आणि शंभराव्या नंबराला.

मी चेंबूरचा, बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या जवळच लहानाचा मोठा झालो. आमच्या वस्तीतली मुलं तिथे कॅडी म्हणून जायची, मीपण गेलोय सुट्टीत. खांद्यावर बॅग, पावसाळ्यात गवत असं जड होतं की बॉल पडला की रुततोच, मग तो शोधा, पुसा, बंकरमधून साहेब बाहेर आला की मागे दाताळ्याने वाळू सारखी करा, आणि हे करता करता पुढचा शॉट किती यार्डाचा ते तोंडपाठ ठेवा. त्यामुळे टीव्हीवर मी खेळाडूच्या आधी कॅडीकडे बघतो, आणि कटच्या रेषेवरच्या माणसाकडे. शुक्रवारी संध्याकाळी अठराव्यावर सहा फुटांचा पट उभा असतो, तो गेला तर दोन दिवसांचं काम आणि पगार, नाही गेला तर हॉटेलचं बिल स्वतःच्या खिशातून. कॅडीचा खरा पैसा पण टक्केवारीचा असतो, जिंकला तर साधारण दहा टक्के, कट चुकला तर टक्के कशाचे घेणार?

आणि २०२५ ला ही रेषा अजून कडक झाली हे कोणी बोलतच नाही. आधी पॉइंट्समध्ये १२५ पर्यंत असलेल्यांचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, पुढच्या वर्षी टिकायचं, ह्या वेळी ते १०० वर आणलं. म्हणजे पंचवीस जणांची नोकरी एका फटक्यात धोक्यात. मंदार, तू म्हणतोस सीझन ऑगस्टला संपला, पण ह्या लोकांचा नोव्हेंबरमध्ये जॉर्जियाच्या सी आयलंडला संपतो. पन्नासच्या आतल्यांना पुढच्या वर्षीच्या सिग्नेचर स्पर्धा आयत्या मिळाल्या, त्यांना कसली घाई. एक्कावन्नपासून खालचे सगळे पाय घासत सप्टेंबर ते नोव्हेंबर खेळत होते.

अर्जुन अटवाल आठवतोय का कोणाला? २०१० ला त्याचं कार्ड गेलं होतं, विंडम चॅम्पियनशिपला सोमवारच्या क्वालिफायरमधून शिरला आणि रविवारी जिंकला, पीजीए टूर जिंकणारा पहिला भारतीय. सोमवारी ज्याला स्पर्धेत जागा नव्हती त्याने रविवारी चेक घेतला. मला ह्या खेळात जे काही आवडतं ते सगळं त्या एका आठवड्यात आहे.

---

अश्विनी_ठाणे

चेंबूर_नाका, दंडवत. फार मनापासून लिहिलंत.

मी फ्लीटवुडची बाजू मांडायला आलेय कारण मूळ प्रश्नात त्याचं नाव जरा 'हा कोण मध्येच आला' अशा सुरात आलंय. मंदार, त्याने काही लॉटरीचं तिकीट काढलं नव्हतं रे. ईस्ट लेक ही त्याची पीजीए टूरवरची १६४ वी स्पर्धा. त्याआधी तीसवेळा पहिल्या पाचात आलेला, एकदाही पहिला नाही. युरोपात जिंकायचा, रायडर कपला (युरोप विरुद्ध अमेरिका) हिरो, पण अमेरिकेत गेला की रविवारी काहीतरी व्हायचंच. आणि ह्याच सीझनमध्ये बघ ना, जूनमध्ये ट्रॅव्हलर्स स्पर्धेत शेवटच्या होलवर एका शॉटने पुढे होता. दुसरा शॉट पिनपासून लांब राहिला, पहिला पट मारला तो आखूड, दुसरा चुकला, बोगी, पारपेक्षा एक जास्त. कीगन ब्रॅडलीने तिथेच बर्डी टाकली आणि संपलं. लगेच ऑगस्टमध्ये मेम्फिसला पुन्हा आघाडीवर, पुन्हा शेवटच्या काही होलवर निसटलं, रोझ जिंकला. दोन्ही वेळा तो मीडियासमोर आला, शांतपणे उत्तरं दिली, कोणाला दोष नाही. आणि मेम्फिसनंतर अवघ्या दोन आठवड्यांत ईस्ट लेक. तिथे रविवारी त्याचा हात थरथरला नाही ह्याचं मला जास्त कौतुक आहे, कारण हरायची सवय पण लागते माणसाला.

शिवाय तो तिथे थांबला नाही. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला बेथपेजवर युरोपने १५-१३ ने रायडर कप जिंकला, त्यात पहिल्या दोन दिवसांत फ्लीटवुड चारपैकी चार सामने जिंकला, आणि तुझा शेफलर त्याच दोन दिवसांत चारपैकी चार हरला, मग शेवटच्या दिवशी सिंगल्सला रोरीला हरवलं तेवढंच. आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या दिल्लीत! डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप, दिल्ली गोल्फ क्लब, रोरी पण आला होता, लावरी, होवलंड होते, आणि जिंकला कोण तर फ्लीटवुड, २२ अंडर. मी आणि बहीण गेलो होतो बघायला. तो कोर्स टीव्हीवर कळत नाही, फेअरवे म्हणजे दोन्ही बाजूंनी झुडपांच्या भिंती, बॉल त्यात गेला की गेला, त्यामुळे मोठेमोठे हिटर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) बॅगेतच ठेवून आयर्न मारत होते. तिथे ताकद चालत नाही, सरळ मारणारा लागतो. त्याचा मुलगा लहान आहे, बाबा जिंकल्यावर आपल्याला धावत ग्रीनवर जायचंय अशी त्याची इच्छा होती, ती दिल्लीत पूर्ण झाली. मला तर रडूच आलं तिथे.

---

चेंबूर_नाका

अश्विनीताई, दिल्लीचा तो कोर्स म्हणजे आपल्या चौरसियाचा पण! एसएसपी चौरसिया, वडील रॉयल कलकत्त्याला ग्रीनकीपर, तिथेच बघून बघून शिकला, आणि २००८ ला ह्याच दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन मास्टर्स जिंकला, युरोपियन टूरची स्पर्धा. लांब मारणारा कधीच नव्हता, पण ग्रीनच्या जवळ गेला की बॉल त्याचं ऐकायचा. तुम्ही म्हणताय ते सरळ मारणं तेच.

---

गिरगावकर_जुना

वा, धागा रंगला. दोन गोष्टींवर बोलतो.

रोरी की शेफलर. रोरीचं वर्ष बारीक नाही, जिंकला काय काय, पेबल बीच, मग प्लेयर्स, मास्टर्स, सप्टेंबरला घरच्या मैदानावर आयरिश ओपन, आणि युरोपच्या टूरची रेस टू दुबई, म्हणजे तिथली वर्षभराची क्रमवारी, सातव्यांदा. पण मंदारचा मुद्दा मला पटतो. शेफलरने वर्षाची सुरुवातच उशिरा केली, ख्रिसमसला स्वयंपाक करताना हाताला काच लागली, ऑपरेशन झालं, जानेवारी वाया. मे महिन्यात पहिली स्पर्धा जिंकला, बायरन नेल्सन नावाची, आठ शॉटनी, चार दिवसांचे मिळून २५३, टूरच्या विक्रमाशी बरोबरी. तिथून ऑगस्टपर्यंत पाच, आणि सप्टेंबरला प्रोकोर स्पर्धा धरली तर सहा. दादरकर म्हणतात ओपनला धाकधूक नव्हती. अहो, धाकधूक नव्हती कारण त्याने ती ठेवली नाही! बाकीच्यांनी रविवारी ताण घ्यायचा आणि ह्याने शनिवारीच स्पर्धा संपवायची, हे वाटतं तितकं सोपं नाही. खेळाडूंनीच मत देऊन त्याला सलग चौथ्यांदा प्लेयर ऑफ द इयर केलं. जे त्याच्याबरोबर रोज खेळतात त्यांचं मत मी माझ्या मतापेक्षा वर धरतो.

आणि जे. जे. स्पॉनचं नाव अजून कोणीच घेतलं नाही, ते बरं नाही. ओकमाँटला यूएस ओपन, रविवार, पहिल्या नऊ होलला ह्याने ४० मारले, म्हणजे स्पर्धेतून गेल्यातच जमा. मध्येच पाऊस आला, खेळ थांबला, कपडे बदलून परत आला आणि वेगळाच माणूस खेळायला लागला. शेवटच्या होलवर ६४ फुटांचा पट. दोन पटमध्ये पार झाला असता तरी जिंकत होता. बॉल वळत वळत गेला आणि थेट होलात. आख्ख्या स्पर्धेत पारच्या खाली राहिलेला एकटाच, एक अंडर. हाच माणूस मार्चमध्ये प्लेयर्सच्या प्लेऑफला रोरीकडून हरला होता.

---

पहाटे_पाच_दादर

काका, स्पॉनचा पट मान्य, तो मी तीनदा रिवाइंड करून बघितला. प्लेयर ऑफ द इयर पण मान्य, सहा म्हणजे सहा. पण मास्टर्सबद्दल मी हटणार नाही 🙏

---

मंदार_मुलुंड

सगळ्यांचे खरंच आभार, एवढं वाचायला मिळेल वाटलं नव्हतं. फ्लीटवुडच्या १६४ चा आकडा वाचल्यावर माझा सूर जरा चुकीचा वाटतोय खरा, अश्विनीताई. तरी शेफलरबद्दल हळहळ आहेच, पण कप म्हणजे ऑगस्टची स्पर्धा हे डोक्यात बसलं.

शेवटचा प्रश्न. आपला अनिर्बान लाहिरी ह्यात कुठेच का दिसत नाही? आणि २०२६ ला ऑफिस सांभाळून कुठल्या स्पर्धा बघाव्यात?

---

गिरगावकर_जुना

लाहिरी २०२२ ला लिव्ह गोल्फला, म्हणजे पीजीए टूरच्या प्रतिस्पर्धी लीगला गेला, डीशॅम्बोच्या क्रशर्स टीममध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेयर्सला कॅमेरॉन स्मिथच्या फक्त एक शॉट मागे दुसरा आला होता, म्हणून वाईट वाटतं. लिव्हला कट नाही, पैसे नक्की, आणि २०२५ पर्यंत ५४ होलच होते, २०२६ पासून ७२ केले. चेंबूर_नाका म्हणतात तो शुक्रवारचा सहा फुटांचा पट तिथे नाही, मला तरी म्हणून ते बघवत नाही.

बघायचं म्हणशील तर ओपन सोडू नकोस, जुलैमध्ये असते, ब्रिटनमध्ये असल्यामुळे आपल्याकडे रात्री अकराच्या आसपास संपते, झोपही होते. मास्टर्सच्या सोमवारची रजा मात्र आत्ताच टाकून ठेव.

---

चेंबूर_नाका

आणि मास्टर्स, ओपन झाल्या की शुक्रवारी रात्री कधीतरी लीडरबोर्ड पार खालपर्यंत स्क्रोल कर. कटच्या रेषेच्या वरचे दोन आणि खालचे दोन अशी चार नावं लिहून ठेव आणि वर्षभर ती चारच फॉलो कर. नोव्हेंबरला परत धागा काढ, मला त्यांचं काय झालं ते ऐकायचंय.